सर्व्हरचे नामांतर

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि त्याच्याभोवती जे नगर वसले त्यातील अनेक भाग आजही सेक्टरच्या क्रमांकानेच ओळखले जातात. त्याच भिलाईत हुडको नावाचीही एक वसाहत आहे. हे नाव ना एखाद्या गावाचे, ना एखाद्या थोर पुरुषाचे. केंद्र सरकारने १९७० मध्ये स्थापन केलेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे एकत्र आली आणि त्यांचाच पुढे पत्ता झाला. छत्रपती संभाजीनगरातही हुडको नावाचा भाग आहे. गावातल्या गावात रिक्षावाल्याला 'हुडको' एवढे सांगितले की पुरते. पत्र परगावाहून यायचे असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी पिनकोड लागतो.

सहा अंकी पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतातील कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाची जी तारांबळ उडत असे, तिच्यावर हा उपाय होता. त्याचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. २००० साली भिलाई मध्य प्रदेशातून निघून छत्तीसगडात गेले, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु दोन्ही ठिकाणचे पिनकोड पूर्वी ४ या अंकाने सुरू होत असत आणि आजही होतात. नाव माणसांच्या सोयीसाठी असते व ते बदलू शकते. क्रमांक व्यवस्थेच्या सोयीसाठी असतो आणि तो शक्यतो बदलत नाही.

संगणकाच्या जगातही नेमका हाच भेद आहे. तो न ओळखल्यामुळे चांगले चालणारे यंत्र एका साध्या नामांतराने बंद पडू शकते.

लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचे एक नाव असते. डेबियन या वितरणात ते 'ईटीसी' निर्देशिकेतील 'होस्टनेम' नावाच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेले असते. नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ यांखेरीज दुसरे काही नसावे, हा इंटरनेटच्या आरंभकाळातील संकेत आजही पाळला जातो. नाव कसे असावे यावरही विचार झालेला आहे. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी या विषयावर एक छोटे टिपण इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजमालेत प्रसिद्ध केले. यंत्राला स्वतःचे नाव देऊ नये, ते ज्या कामासाठी आणले त्या कामाचेही नाव देऊ नये, कारण माणूस बदलतो आणि कामही बदलते, असा त्यातील सल्ला आहे. तो आजही तितकाच खरा आहे, आणि आजही तितकाच दुर्लक्षिला जातो.

पुष्कळदा तर नाव कोणी देतच नाही. डेबियन स्थापित करताना यंत्राचे नाव विचारले जाते आणि उत्तराच्या चौकटीत 'डेबियन' हा शब्द आधीच लिहिलेला असतो. घाईत असलेला माणूस एंटर दाबतो आणि पुढे जातो. अशी कल्पना करावी की, हुडकोतील एका वाचनालयात दोन सर्व्हर आहेत. एकावर ग्रंथसूची आणि सभासदांची देवघेव आहे, दुसऱ्यावर वर्गणीचा व खर्चाचा हिशेब. दोन्ही यंत्रे निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या माणसांनी उभी केली, आणि दोन्ही वेळी चौकटीतला तयार शब्द तसाच राहिला. आता दोघांचेही नाव 'डेबियन' आहे. रोजच्या कामात याचा त्रास फारसा होत नाही. तो कधी होतो हे समजण्यासाठी आधी साठवणुकीची रचना पाहिली पाहिजे.

पूर्वी डिस्कचे भाग पाडण्याची रीत शेताच्या बांधासारखी होती. एकदा बांध घातला की तो घातला. एका भागात जागा संपली आणि शेजारचा भाग रिकामा असला तरी त्याचा उपयोग नाही. यावरचा उपाय मोठ्या यंत्रांच्या जगात प्रथम निघाला. आयबीएम कंपनीने १९९० मध्ये आपल्या एआयएक्स या कार्यप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत तार्किक खंडांची व्यवस्था आणली. पुढे ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्स या प्रणालीतही ती आली. लिनक्ससाठी अशी व्यवस्था हाइन्झ माउएल्सहागन यांनी १९९८ मध्ये लिहिली, आणि तिचा आराखडा मुख्यतः एचपी-यूएक्सच्या नमुन्यावर होता. 'एलव्हीएम' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते.

तिची रचना तीन पायऱ्यांची आहे. डिस्क किंवा डिस्कचा भाग हा भौतिक खंड. असे एक वा अनेक भौतिक खंड मिळून खंडगट होतो. या खंडगटातून हवी तितकी जागा काढून तार्किक खंड तयार करता येतात, आणि कार्यप्रणालीला फक्त हेच खंड दिसतात. गटातील सारी जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. सामान्यतः एक तुकडा ४ मेबिबाइटांचा असतो. तार्किक खंड म्हणजे अशा तुकड्यांची यादी. ते तुकडे डिस्कवर शेजारी शेजारी असलेच पाहिजेत असे नाही, ते दोन वेगळ्या डिस्कांवरही असू शकतात. खंड वाढवायचा म्हणजे यादीत आणखी तुकडे जोडायचे. गटातील सारे धान्य एका कोठारात आहे आणि कोणाच्या कणगीत किती पायल्या हे वहीत लिहिले आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणले तर फारशी चूक होणार नाही.

ही वही कोठे असते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती प्रत्येक भौतिक खंडाच्या आरंभीच राखून ठेवलेल्या जागेत, साध्या वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असते. तिच्यात गटाचे नाव, खंडांची नावे, तुकड्यांचा हिशेब, आणि या सर्वांबरोबर प्रत्येकाचा एक ओळखक्रमांक असतो. हा क्रमांक ३२ चिन्हांचा असतो व सात गटांत आडव्या रेघा देऊन लिहिला जातो. तो यादृच्छिक रीतीने तयार होत असल्यामुळे दोन खंडगटांना एकच क्रमांक मिळण्याचा संभव व्यवहारात शून्य मानतात. एलव्हीएम आतल्या आत आपल्या वस्तू या क्रमांकांनीच ओळखते. नाव हे माणसासाठी वर लावलेले लेबल असते.

असे असेल तर नाव बदलल्याने काय बिघडावे? अडचण एलव्हीएममध्ये नाही. तिच्याबाहेरच्या ज्यांनी ज्यांनी ते नाव लिहून ठेवले आहे, त्यांच्यात आहे.

येथे एक जुनी सवय आड येते. डेबियनची मार्गदर्शित स्थापना खंडगटाला नाव देताना यंत्राच्या नावापुढे 'व्हीजी' ही अक्षरे जोडते. 'डेबियन' या यंत्राचा खंडगट अर्थातच 'डेबियन-व्हीजी' होतो. रेड हॅटच्या वितरणांत या बाबतीत एकवाक्यता कधी राहिली नाही. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक यंत्रावर 'व्हॉलग्रुप००' हेच नाव असे. सहाव्या आवृत्तीत त्यात यंत्राचे नाव गुंफले गेले. सातव्यात वितरणाचे नाव आले. दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे. सगळीकडे एकच नाव ठेवले तर दोन यंत्रांच्या डिस्का एकत्र आल्यावर गोंधळ होतो. यंत्राचे नाव गुंफले तर यंत्राचे नाव बदलल्यावर गटाचे नाव खोटे ठरते. तरीही यंत्रागणिक वेगळे नाव असणे हेच बरे. खोट्या नावाने काम अडत नाही, दुहेरी नावाने अडते.

वाचनालयाच्या पहिल्या सर्व्हरला आता 'हुडको' असे नाव द्यायचे आहे. यंत्राचे नाव बदलणे सोपे आहे. 'होस्टनेमसीटीएल' या आज्ञेने नवे नाव दिले की 'होस्टनेम' फाइल आपोआप बदलते. तिच्या शेजारच्या 'होस्ट्स' या फाइलमध्ये मात्र १२७.०.१.१ या अंतर्गत पत्त्यासमोर जुने नाव असते, ते हाताने बदलावे लागते. हे राहून गेले तर यंत्राला स्वतःच्याच नावाचा पत्ता सापडत नाही. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देताना तशी तक्रार उमटते आणि काही कामे विनाकारण रेंगाळतात. यंत्राचे जुने नाव इतरत्रही मुरलेले असू शकते. टपाल पाठवणाऱ्या व्यवस्थेच्या 'मेलनेम' फाइलमध्ये ते असते, फाइलींची देवघेव करणाऱ्या साम्बामध्ये असू शकते, आणि रॅबिटएमक्यू ही संदेशव्यवस्था तर आपल्या साठ्याची निर्देशिकाच यंत्राच्या नावाने बनवते. अशा यंत्रावर नामांतरानंतर जुने संदेश नाहीसे झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते जुन्या नावाच्या निर्देशिकेत सुखरूप पडून असतात.

खंडगटाचे नामांतर ही याहून गंभीर बाब आहे. त्यासाठीची आज्ञा एकच आहे, 'व्हीजीरिनेम'. जुने नाव आणि नवे नाव दिले की क्षणात काम होते, आणि ते चालू यंत्रावरही होते. मूळ निर्देशिका ज्या खंडावर आहे तो खंड वापरात असतानाही गटाचे नाव बदलते, कोणतीही फाइल बंद पडत नाही, वाचनालयातील माणसाला काही घडल्याचे कळतही नाही. हा सहजपणाच फसवा आहे. यंत्र चालू आहे तोवर सर्व ठीक असते, आणि संकट पुढच्या वेळी यंत्र सुरू होण्याची वाट पाहत असते. ती वेळ तीन महिन्यांनी, वीज गेल्यानंतर, भलत्याच माणसाच्या उपस्थितीत येऊ शकते. म्हणून नामांतर आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत, यंत्रासमोर बसून करावीत. त्याआधी विद्येची प्रत अन्यत्र काढून ठेवलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

यंत्र सुरू होण्याचा क्रम पाहिला की धोका कोठे आहे ते कळते. प्रथम ग्रब हा आरंभक जागा होतो. त्याच्याजवळ एक फाइल असते. तिच्यात कार्यप्रणालीच्या गाभ्याला 'मूळ निर्देशिका अमुक खंडावर आहे' असे सांगणारी ओळ असते, आणि त्या ओळीत खंडगटाचे नाव असते. गाभ्याबरोबर एक छोटी तात्पुरती व्यवस्था स्मृतीत उतरते. डिस्का शोधणे, खंडगट जागा करणे आणि खरी मूळ निर्देशिका जोडून देणे एवढेच तिचे काम. यंत्र झोपवून पुन्हा उठवण्यासाठी अदलाबदलीचा खंड कोणता, याची नोंद तिच्याजवळ असते, आणि काही आवृत्त्यांत त्या नोंदीतही गटाचे नाव असते. त्यानंतर कार्यप्रणाली 'एफएसटॅब' ही फाइल वाचते. कोणता खंड कोठे जोडायचा याची ती यादी. डेबियन इतर विभागांसाठी या यादीत ओळखक्रमांक वापरते. तार्किक खंडांसाठी मात्र नावच लिहिते. पिनकोड उपलब्ध असताना गावाचे नाव लिहिण्यासारखेच हे झाले. पण त्यालाही कारण आहे: तार्किक खंडाची तत्क्षणिक प्रतिकृती घेतली तर तीतील फाइलव्यवस्थेचा क्रमांकही मूळ खंडासारखाच राहतो, आणि मग क्रमांकानेच घोटाळा होतो.

या तिन्ही ठिकाणी जुने नाव काढून नवे घालणे, एवढेच खरे तर काम आहे. परंतु येथे दोन खाचखळगे आहेत. पहिला आडव्या रेघेचा. खंडाचे पूर्ण नाव लिहिताना गटाचे नाव आणि खंडाचे नाव यांच्यामध्ये एक आडवी रेघ असते. मग गटाच्या नावातच रेघ असेल तर ती वेगळी ओळखता यावी म्हणून दोनदा लिहिली जाते. म्हणून 'डेबियन-व्हीजी' गटातील 'रूट' हा खंड फाइलींमध्ये 'डेबियन', मग दोन रेघा, मग 'व्हीजी', मग एक रेघ, मग 'रूट' असा दिसतो. एका रेघेचे नाव शोधणाऱ्याला तो सापडतच नाही, आणि 'जुने नाव कोठेच नाही' अशा समाधानात तो यंत्र बंद करतो. नव्या गटाचे नाव रेघेविना ठेवले तर ही कटकट कायमची संपते.

दुसरा खळगा उतावळेपणाचा. 'डेबियन' हा शब्द जेथे दिसेल तेथे 'हुडको' करून टाकावा, असा मोह होतो. पण तो शब्द केवळ यंत्राचे नाव नाही, वितरणाचेही नाव आहे. प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या जेथून आणायच्या त्या संकेतस्थळांच्या पत्त्यांत तो आहे. सरसकट बदल केला तर यंत्र कधीही अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर नव्या आवृत्त्या शोधत बसते. बदल 'व्हीजी' या जोडासहच, आणि नेमक्या फाइलींतच केला पाहिजे.

फाइली बदलल्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा देऊन, यंत्रावर गाभ्याच्या जितक्या आवृत्त्या असतील तितक्या सर्वांची तात्पुरती व्यवस्था नव्याने बांधून घ्यावी. एकच बांधली तर अडचणीच्या वेळी जुन्या गाभ्यावर परतण्याचा मार्ग बंद होतो. ग्रबची फाइल नव्याने तयार करणारी 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा या क्षणी बहुधा अपयशी ठरते, आणि त्यामुळे नवशिका गोंधळतो. कारण असे की, चालू गाभ्याने मूळ निर्देशिका ज्या नावाने जोडली ते जुने नाव त्याच्या नोंदीत अजून आहे. आज्ञा त्या नावाची वस्तू शोधते, आणि ती वस्तू तर आता नव्या नावाने वावरत असते. म्हणून ग्रबची फाइल या वेळेपुरती हातानेच दुरुस्त करावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि ते नव्या नावाने उठल्यावर मग ती आज्ञा द्यावी. तेव्हा ती विनातक्रार चालते.

रेड हॅटच्या कुळात तत्त्व हेच, तपशील निराळा. तेथे गाभ्याला दिल्या जाणाऱ्या ओळीत गटाचे नाव एकाहून अधिक वेळा येते, कारण कोणते तार्किक खंड आरंभीच जागे करायचे तेही त्याच ओळीत लिहिलेले असते. आणि तात्पुरती व्यवस्था 'ड्राकट' या आज्ञेने बांधली जाते.

एवढी काळजी घेऊनही एखादी जागा राहिली तर पडद्यावर जुन्या नावाचा खंड अस्तित्वात नसल्याचा इशारा येतो आणि यंत्र तात्पुरत्या व्यवस्थेच्या तोकड्या आज्ञापटलावर थांबते. प्रथमच हे पाहणाऱ्याला सारी विद्या गेली असे वाटते. वस्तुतः एक बाइटही गेलेला नसतो. खंड जागच्या जागी असतो, फक्त त्याला हाक चुकीच्या नावाने मारली जात असते. यंत्र पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीवर 'ई' ही कळ दाबावी, गाभ्याच्या ओळीत नवे नाव लिहावे आणि पुढे जावे. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो. यंत्र उठल्यावर फाइल कायमची दुरुस्त करावी. तेही न जमल्यास स्थापनेच्या माध्यमावरून यंत्र सुरू करून गटाला जुने नाव परत देता येते, आणि सारे पूर्ववत होते. या घटकेला घातक असते ती घबराट. अशा वेळी यंत्राची नव्याने स्थापना करणाऱ्यांनी आपल्या हाताने विद्या पुसली आहे.

आता त्या दोन 'डेबियन' यंत्रांकडे वळावे. पहिल्या सर्व्हरचे नामांतर लांबणीवर पडले आणि तेवढ्यात त्याचा मदरबोर्ड जळाला, असे समजावे. सभासदांच्या नोंदी डिस्कवर शाबूत आहेत. त्या वाचण्यासाठी डिस्क काढून हिशेबाच्या यंत्राला जोडली जाते. आता एकाच यंत्रात 'डेबियन-व्हीजी' नावाचे दोन गट आहेत. एलव्हीएमची वही दोघांना क्रमांकाने वेगळे ओळखते, पण नावाने दिलेली आज्ञा कोणाला लागू करायची हे तिला कळत नाही. ती नावाच्या पुनरावृत्तीची तक्रार करते आणि पाहुण्या गटाचे खंड जागे होत नाहीत. दोन हुडकोंपैकी पत्र कोणत्या हुडकोला द्यायचे, हा तोच पोस्टमनचा प्रश्न. येथे क्रमांक उपयोगी पडतो. 'व्हीजीएस' या आज्ञेने दोन्ही गटांचे क्रमांक पाहावेत, पाहुणा कोणता ते आकारमानावरून वा डिस्कवरून ठरवावे, आणि 'व्हीजीरिनेम'ला जुन्या नावाऐवजी तो क्रमांक देऊन नवे नाव द्यावे. त्यानंतर खंड जागे करता येतात आणि नोंदी उतरवून घेता येतात. मात्र ती डिस्क पुढे नव्या मदरबोर्डावर स्वगृही परतली तर तिच्यावरील ग्रब आणि 'एफएसटॅब' अजून जुनेच नाव उच्चारत असतात, आणि वर सांगितलेला इशारा पडद्यावर येतो. एक तर गटाला जुने नाव परत द्यावे, नाही तर सारी दुरुस्ती तेव्हाच पुरी करावी.

एक अपवाद सांगितला पाहिजे. डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली असेल तर नक्कलेवर क्रमांकही तेच उतरतात. मग क्रमांकाचाही आधार राहत नाही. अशा नक्कलेला नवे क्रमांक देण्यासाठी 'व्हीजीइम्पोर्टक्लोन' ही स्वतंत्र आज्ञा आहे. तिचा वापर करेपर्यंत मूळ व नक्कल एका यंत्राला एकत्र जोडू नयेत हे उत्तम.

नामांतर पुरे झाल्यावरही यंत्रावर जुन्या नावाच्या खुणा राहतात, आणि त्या सर्वच पुसण्याचे कारण नाही. घटनांच्या जुन्या नोंदी जुन्याच नावाने राहतात. त्या बदलणे म्हणजे जुन्या दप्तरात खाडाखोड करणे होय. सुरक्षित संपर्कासाठीच्या किल्ल्यांच्या शेवटी टिप्पणी म्हणून जुने नाव असते, त्याने किल्लीच्या कामात फरक पडत नाही. एलव्हीएमच्या वहीतही प्रत्येक तार्किक खंडासमोर, तो कोणत्या यंत्रावर आणि केव्हा निर्माण झाला याची नोंद असते. गटाचे नाव बदलले तरी ही नोंद बदलत नाही. 'हुडको' नावाच्या सर्व्हरवर 'एलव्हीएस' या आज्ञेने खंडांचे जन्मस्थान विचारले, तर उत्तर 'डेबियन' असेच येते.